स्पॅनिशमधलं ‘येवार’ कसं वापरायचं: मराठीतून शिकणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

स्पॅनिशच्या वर्गात ‘येवार’ हे क्रियापद फार लवकर भेटतं. वहीत त्याच्यासमोर ‘नेणे’ असा अर्थ लिहिला जातो आणि पान उलटतं. अर्थ बरोबरच आहे. पण पुढे हेच क्रियापद अशा ठिकाणी दिसू लागतं, जिथे कुणी काही नेत नसतं. डोळ्यांवरचा चष्मा, भाजीतला लसूण, शहरात राहून झालेली वर्षं, दोन बहिणींच्या वयातलं अंतर, बेरजेतला हातचा, या सगळ्यांसाठी स्पॅनिश माणूस ‘येवार’च म्हणतो.

आपल्याकडची बहुतेक पुस्तकं हे सगळं इंग्रजीतून समजावतात. इंग्रजीत या प्रत्येक अर्थाला निराळं क्रियापद लागतं, त्यामुळे शिकणाऱ्याच्या हातात एक लांबलचक यादी पडते आणि ती पाठ होत नाही. मराठीतून पाहिलं तर यातले बरेच अर्थ आपल्या ओळखीच्या वाक्यरचनेत जसेच्या तसे बसतात. एका ठिकाणी मात्र मराठीच आपल्याला चुकवते. ती जागा नीट कळली की अर्धं काम झालं, म्हणून या लेखात सर्वांत जास्त वेळ तिच्यावर घालवला आहे.

स्पॅनिश शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. ‘झेड’चा, आणि ई किंवा आय या अक्षरांच्या आधी येणाऱ्या ‘सी’चा उच्चार लॅटिन अमेरिकेप्रमाणे ‘स’ धरला आहे. स्पेनच्या बऱ्याच भागात तिथे ‘थ’च्या जवळचा आवाज ऐकू येईल.

पहिली पायरी: उच्चार आणि रूपं

स्पेलिंग दोन एल, ई, व्ही, ए, आर असं आहे. सुरुवातीच्या दोन एलचा उच्चार स्पॅनिश जगाच्या मोठ्या भागात ‘य’ होतो. ब्वेनोस आइरेस (अर्जेंटिना) आणि मोन्तेविदेओ (उरुग्वे) या राजधान्यांच्या परिसरात तो ‘श’ किंवा ‘झ’कडे झुकतो, म्हणजे तिथे ‘शेवार’ ऐकू येईल. मधल्या व्हीसाठी खालचा ओठ दातांना लावू नका. दोन्ही ओठ अलगद जवळ आणून सोडले की ब आणि व यांच्या मधला हवा तो आवाज निघतो.

रूपं नियमित आहेत. वर्तमानकाळात मी येवो, तू येवास, तो, ती किंवा आपण (आदरार्थी) येवा, आम्ही येवामोस, ते येवान. स्पेनमध्ये ‘तुम्ही सगळे’ यासाठी येवाइस हे आणखी एक रूप आहे. पूर्ण झालेल्या भूतकाळात येवे, येवास्ते, येवो, येवामोस, येवारोन. चालू असलेल्या भूतकाळात येवावा, येवावास, येवावा, येवावामोस, येवावान.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. ‘मी नेतो’ आणि ‘त्याने नेलं’ ही दोन्ही रूपं देवनागरीत ‘येवो’ अशीच दिसतात. फरक आघाताचा आहे. वर्तमानकाळात जोर ‘ये’वर येतो, भूतकाळात ‘वो’वर, आणि भूतकाळी रूप लिहिताना शेवटच्या ओवर आघातचिन्ह द्यावंच लागतं. ते राहिलं तर वाक्याचा कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात. याच्याशी गोंधळ होणारी आणखी दोन क्रियापदं म्हणजे ‘येगार’ (पोहोचणे) आणि ‘योवेर’ (पाऊस पडणे). ‘येवा’, ‘येगा’ आणि ‘युएवे’ ही तिन्ही रूपं रोज दहा वेळा एकापाठोपाठ मोठ्याने म्हणा.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘लेवारे’ म्हणजे उचलणे, हलकं करणे. लॅटिनमधला ‘लेविस’ म्हणजे हलका हा त्याच कुळातला, आणि आपला संस्कृत ‘लघु’ही त्याचाच दूरचा नातेवाईक. उचलून अंगावर किंवा सोबत बाळगणं, हा भाव पुढच्या बहुतेक अर्थांच्या मुळाशी आहे.

दुसरी पायरी: तुमचे पाय कुठे आहेत ते पाहा

मराठीत नेणे आणि आणणे अशी जोडी आहे. स्पॅनिशमध्येही येवार आणि ‘त्राएर’ अशी जोडी आहे. इथून दूर ते येवार, इथे जवळ ते त्राएर. मुलीला शाळेत पोहोचवताना ‘येवो आ मी ईहा आल कोलेहियो’. टॅक्सीवाल्याला विचारताना ‘मे येवा आल आएरोपुएर्तो, पोर फावोर?’, म्हणजे मला विमानतळावर नेता का. इथवर मराठी आणि स्पॅनिश हातात हात घालून चालतात. (मुलीच्या आधी आलेला ‘आ’ विसरू नका. कर्म व्यक्ती असेल तर तो लागतो, जसं आपण ‘मुलीला’ म्हणतो आणि ‘पिशवी’ला काही लावत नाही.)

आता ती चकवणारी जागा. मैत्रिणीने संध्याकाळी जेवायला बोलावलं आहे. तुम्ही घरून फोनवर म्हणता, ‘येते मी सातला. गोड काय आणू?’ मराठीत इथे ‘येते’ आणि ‘आणू’च बरोबर आहे, कारण आपण समोरच्या माणसाच्या जागी मनाने आधीच पोहोचलेले असतो. ‘सातला जाते, गोड काय नेऊ?’ असं तिला म्हटलं तर ती विचारात पडेल.

स्पॅनिश असं करत नाही. तिथे बोलणाऱ्याचे पाय या क्षणी कुठे आहेत एवढंच पाहिलं जातं. तुम्ही अजून तुमच्या घरी आहात, वस्तू तिथून दूर जाणार आहे, म्हणून ‘बोय आ लास सिएते. के येवो दे पोस्त्रे?’ शब्दशः ‘सातला जाते, गोड काय नेऊ?’. इथे ‘के त्राइगो?’ म्हटलं तर ऐकणारीला वाटेल की तुम्ही तिच्या दारात येऊन पोहोचला आहात आणि पुन्हा बाहेर जाऊन काही आणणार आहात.

हाच नियम हाक मारल्यावरही लागू होतो. आतून आई हाक मारते, आपण म्हणतो ‘आलो, आलो!’. स्पॅनिश मुलगा ओरडतो, ‘या बोय!’, म्हणजे ‘जातोच’. येणे-जाणे आणि आणणे-नेणे या दोन्ही जोड्या तिथे एकाच नियमाने चालतात, म्हणून त्या एकत्रच शिका. स्पेनच्या ईशान्येकडच्या बार्सेलोना आणि कातालुन्याच्या भागात मात्र कातालान मातृभाषा असलेली माणसं स्पॅनिश बोलतानाही कधीकधी आपल्यासारखं ‘येतो’ म्हणतात, कारण कातालान भाषेची रीत मराठीच्या जवळची आहे. ते ऐकून गोंधळू नका, आणि परीक्षेत तसं लिहू नका.

मग ‘त्राइगो’ कधी? हॉटेलातला वेटर तुमच्या टेबलापाशी उभा राहून विचारतो, ‘के लेस त्राइगो?’. तो आत्ता इथे आहे, आत जाऊन पुन्हा इथेच येणार आहे, म्हणून त्राएर. तोच वेटर फोनवर घरपोच जेवणाची ऑर्डर घेत असेल तर ‘से लो येवामोस आ कासा’ म्हणेल. आपण मराठीत दोन्ही वेळा ‘आणून देतो’ म्हणू.

सवय लागेपर्यंत एक साधी युक्ती वापरा. वाक्य बोलण्याआधी मनात ‘इथे’ म्हणा. वस्तू ‘इथे’ येणार असेल तर त्राएर, नाही तर येवार. ऐकणारा कुठे आहे याचा विचारच करू नका. फोन, मेसेज आणि निमंत्रणं या तीन प्रसंगांत ही चूक सर्वाधिक होते, त्यामुळे सराव तिथेच करा.

त्राएरची रूपं अनियमित आहेत: मी त्राइगो, तो त्राए, भूतकाळात मी त्राहे, तो त्राहो.

तिसरी पायरी: जवळ असणं, अंगावर असणं

नेण्यापासून बाळगण्यापर्यंत एकच पाऊल आहे. ‘नो येवो दिनेरो एन्सिमा’ म्हणजे आत्ता माझ्याजवळ पैसे नाहीत. हे वाक्य बाजारात फार कामाला येतं. मेक्सिकोत याच अर्थाने ‘त्राएर’ जास्त ऐकू येतं: ‘नो त्राइगो दिनेरो’. तिथे वरच्या नियमाचा भंग झालेला नाही. वस्तू ‘इथे, माझ्यापाशी’ आहे असं मेक्सिकन माणूस पाहतो.

कपडे आणि दागिन्यांचंही तसंच. ‘येवा गाफास’ म्हणजे तिला चष्मा आहे, ‘येवा उना कामिसा ब्लांका’ म्हणजे त्याने पांढरा शर्ट घातला आहे. मराठीत ‘घालणे’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘शर्ट घालतोय’ ही कृती आणि ‘शर्ट घातलाय’ ही अवस्था. स्पॅनिश या दोहोंना वेगळी क्रियापदं देतं. अंगावर चढवण्याची कृती ‘पोनेर्से’, आणि चढवून झाल्यावरची अवस्था येवार. थंडी वाजते म्हणून जाकीट चढवताय तर ‘मे पोंगो ला चाकेता’, चढवून रस्त्याने चालताय तर ‘येवो चाकेता’. भूतकाळात कुणाचं वर्णन करताना मात्र ‘येवावा’ वापरा: ‘येवावा उन बेस्तीदो रोहो’, तिने लाल ड्रेस घातला होता. मराठीतला ‘घातला होता’ ऐकून पूर्ण भूतकाळ वापरण्याचा मोह होतो, पण वर्णनाला चालू भूतकाळच शोभतो.

लॅटिन अमेरिकेत कपड्यांसाठी ‘उसार’ही सर्रास चालतं, आणि चष्म्याला ‘लेन्तेस’ किंवा ‘आन्तेओहोस’ म्हणतात.

चौथी पायरी: ताटात काय आहे ते विचारा

शाकाहारी माणसाने स्पॅनिशचं एकच वाक्य शिकायचं ठरवलं तर ते हे असावं: ‘येवा कार्ने?’, यात मांस आहे का? पदार्थात एखादा घटक घातलेला असणं म्हणजे येवार. ‘येवा उएवो?’ अंडं आहे का, ‘येवा आहो?’ लसूण आहे का.

पण नुसत्या ‘कार्ने’वर थांबू नका. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात या शब्दाने बहुधा बैलाचं किंवा डुकराचं मांस डोळ्यांपुढे येतं. मासे, हॅम, कधीकधी कोंबडीसुद्धा त्यात धरली जात नाही. ‘एन्सालादा मिक्स्ता’ हे साधं सॅलड मागवलं तर त्यावर अनेकदा टूना मासा आणि उकडलेलं अंडं येतं. दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचं ‘साल्मोरेहो’ हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं दाट थंड सूप, पण वर हॅमचे तुकडे आणि अंडं पसरून देतात. म्हणून नावं घेऊन विचारा: ‘येवा पोयो, हामोन, पेस्कादो, आतून?’ आणि उत्तर ‘सी’ आलं तर ‘पुएदे सेर सिन हामोन?’, म्हणजे हॅमशिवाय मिळेल का. साल्मोरेहोसारख्या पदार्थात ते सहज जमतं, कारण हॅम वरूनच घातलेला असतो.

लपलेल्या गोष्टी दोन आहेत. एक ‘काल्दो’, म्हणजे ज्या पाण्यात शिजवलं ते. मेक्सिकोतला लाल भात पुष्कळदा कोंबडीच्या काल्दोत शिजवतात, तेव्हा ‘येवा काल्दो दे पोयो?’ विचारायलाच हवं. दुसरी ‘मान्तेका’. स्पेन आणि मेक्सिकोत मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. मेक्सिकोतले परतलेले घेवडे, स्पेनमधली नाताळची ‘पोल्वोरोनेस’ ही बिस्किटं आणि मायोर्का बेटावरचा ‘एन्साइमादा’ हा गोड पाव पारंपरिक पद्धतीने त्यातच करतात. अर्जेंटिनात मात्र मान्तेका म्हणजे लोणी, तिथे हा शब्द ऐकून ताट दूर सारायची गरज नाही.

‘तोर्तीया’चंही देशाप्रमाणे बदलतं. मेक्सिकोत ती मक्याची किंवा गव्हाची पोळी, स्पेनमध्ये बटाटा घालून केलेलं जाड आम्लेट. स्पेनमध्ये तिच्याबद्दल ‘येवा सेवोया?’, कांदा घातलाय का, हा प्रश्न तर घराघरांत वादाचा विषय आहे.

बांधून घ्यायचं असेल तर ‘पारा येवार’. आपल्याकडे ‘पार्सल’ म्हणतो, अगदी तेच.

पाचवी पायरी: झालेला काळ आणि लागलेला वेळ

इथे मराठी माणसाला खरी सवलत आहे.

‘येवो दोस आन्योस एन माद्रिद’ म्हणजे मला माद्रिदमध्ये येऊन दोन वर्षं झाली आणि मी अजून तिथेच आहे. कृती सांगायची तर पुढे तिचं ‘-आन्दो’ किंवा ‘-इएन्दो’ने संपणारं रूप जोडा: ‘येवो दोस आन्योस एस्तुदियान्दो एस्पान्योल’, मी दोन वर्षं स्पॅनिश शिकतोय. न केलेल्या गोष्टीसाठी ‘सिन’ आणि मूळ क्रियापद: ‘येवो दोस दियास सिन दोर्मीर’, दोन दिवस झाले, झोपलो नाही. लग्नाला वीस वर्षं झाली असतील तर ‘येवामोस बेइन्ते आन्योस कासादोस’.

दोन पथ्यं पाळा. पहिलं, या अर्थाने येवारचा पूर्ण भूतकाळ कधीच येत नाही. आज चालू असेल तर येवो, तेव्हा चालू असेल तर येवावा. दुसरं, ‘दोन वर्षांपासून’चा शब्दशः उतारा करून ‘देस्दे दोस आन्योस’ म्हणू नका. ‘देस्दे’च वापरायचा असेल तर ‘देस्दे आसे दोस आन्योस’ हवं.

मेक्सिको आणि कॅरिबियन भागात ‘तेंगो दोस आन्योस बिविएन्दो आकी’ अशी रचनाही ऐकू येते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची मुलं शाळेत स्पॅनिश घेतात, त्यांच्या कानावर बहुधा हीच पडेल. ती बरोबर आहे. फक्त मागचा भाग गाळून ‘तेंगो दोस आन्योस’ एवढंच म्हटलं तर ‘मी दोन वर्षांचा आहे’ असा अर्थ होतो.

आता लागलेला वेळ. ‘मे येवो त्रेस ओरास’, आघात ‘वो’वर, म्हणजे मला तीन तास लागले. रचना पाहा: काम हा कर्ता आणि माणूस ‘मला’. मराठीच्या ‘लागणे’तही माणूस असाच ‘मला’ होतो. फक्त मराठीत तास अनेकवचनी म्हणून ‘लागले’ होतं, इथे क्रियापद कामाप्रमाणे एकवचनीच राहतं. लॅटिन अमेरिकेत ‘मे तोमो त्रेस ओरास’ही म्हणतात. ‘तार्दार’ वापरलं तर मात्र माणूस कर्ता होतो, ‘तार्दे त्रेस ओरास’.

याच घरातली आणखी एक सुंदर रचना वरच्या वर्गात भेटते. ‘येवो लेइदास सिएन पाहिनास’, शंभर पानं वाचून झाली आहेत, पुढची वाचतोय. पानं स्त्रीलिंगी अनेकवचनी म्हणून ‘लेइदास’. साध्या ‘ए लेइदो सिएन पाहिनास’मध्ये क्रियापद कर्माकडे पाहत नाही, इथे मात्र पाहतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे जड जातं. ‘पोळी खाल्ली, आंबे खाल्ले’ म्हणत वाढलेल्या आपल्याला ते कानानेच कळतं.

सहावी पायरी: ‘से’ लावून

येवारला ‘से’ जोडला की वस्तू आपल्यासोबत निघून जाते. (हा ‘से’ कर्त्याप्रमाणे बदलतो: ‘मी’साठी ‘मे’, ‘तू’साठी ‘ते’.) दुकानात पसंत पडलं की ‘मे लो येवो’, हे घेतो. बॅग चोरीला गेली तर ‘से येवारोन मी मालेता’. एखाद्याला ‘हे घेऊन जा’ सांगताना ‘येवातेलो’, आणि ‘हे त्याला नेऊन दे’ सांगताना ‘येवासेलो’ (इथला ‘से’ म्हणजे ‘त्याला’). एका अक्षराने वस्तूचा मालक बदलतो, तेव्हा हे दोन शब्द हळू म्हणा. दोन्हींत आघात ‘ये’वर आहे.

माणसामाणसांतलं जमणंही यानेच होतं. ‘मे येवो बिएन कोन मी सुएग्रा’, सासूबाईंशी माझं छान जमतं. जमत नसेल तर ‘बिएन’च्या जागी ‘माल’. दचकल्यावर ‘मे येवे उन सुस्तो’. आणि शाळेतल्या बेरजेत सात आणि आठ पंधरा, हातचा एक, हे स्पॅनिश मुलं म्हणतात ‘सिएते ई ओचो, किन्से, मे येवो उना’.

वयातलं अंतर ‘से’शिवाय आहे (इथला ‘मे’ म्हणजे ‘माझ्याहून’): ‘मी एर्माना मे येवा त्रेस आन्योस’, बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. हे वाक्य पाचव्या पायरीतल्या वर्षांशी मिसळू नका. इथे ‘मे’ आहे, तिथे नाही.

बाकीचे प्रयोग ऐकून ओळखता आले तरी पुरे. रस्ता कुठे जातो ते सांगताना ‘एस्ता काये येवा आ ला प्लासा’. पार पाडणे म्हणजे ‘येवार आ कावो’, हा वर्तमानपत्रात पदोपदी भेटेल. मुद्दाम उलट बोलणे ‘येवार ला कोन्त्रारिया’. स्पेनमध्ये ‘तुझं बरोबर आहे’साठी ‘येवास रासोन’ ऐकू येतं, पण सगळीकडे चालणारं रूप ‘तिएनेस रासोन’ आहे, तेच बोला.

सराव

उत्तर झाकून आधी स्वतः म्हणून पाहा.

उद्या तुला पुस्तक आणून देतो (मी माझ्या घरी, तू तुझ्या घरी): ‘मान्याना ते येवो एल लिव्रो’.

यात अंडं आहे का? ‘येवा उएवो?’

मला पुण्यात येऊन पाच वर्षं झाली: ‘येवो सिन्को आन्योस एन पुने’.

स्वयंपाकाला दोन तास लागले: ‘मे येवो दोस ओरास कोसिनार’, आघात ‘वो’वर.

आम्ही भेटलो तेव्हा त्याला दाढी होती: ‘येवावा बार्वा कुआन्दो नोस कोनोसिमोस’.

दुकानात आहे, येताना दूध आणू का? ‘एस्तोय एन ला तिएन्दा, येवो लेचे?’ आणि तुम्ही घरी बसून दुकानात गेलेल्याला सांगत असाल तर ‘त्राए लेचे’.